चार्ज द्यायला गेलेला माणूस

गोबिंदराम गेले ही बातमी मला ठाण्याच्या शिपायाने दिली, आणि ती देताना त्याच्या काखेत हजेरीची वही होती. मे महिन्याचा पहिला सोमवार होता. आदल्या दिवशी नवे राज्य झाले होते आणि शाळेच्या फाटकावरची आंब्याची पाने अजून सुकली नव्हती. सकाळी अकराच्या सुमारास शिपाई दुलीचंद सायकल भिंतीला टेकवून माझ्या छपरीत आला, पाणी मागितले, आणि भांडे खाली ठेवून म्हणाला, "बाबूजी, तुमचे तपेदार वारले. आज हजेरीचा सोमवार. दहा वाजून गेले तरी आले नाही म्हून मीच गेलो त्यायच्या खोलीवर. तं तिथं बाया रडून राहिल्या होत्या." मग जरा थांबून, खऱ्याखुऱ्या अडचणीत सापडलेल्या माणसाच्या आवाजात त्याने विचारले, "आता वहीत काय लिहू? गैरहजर लिहू का मयत लिहू? इतक्या वर्षांत एक डाव बी चुकले नाही थे. गैरहजर लिवाले माझा हात नाही चालत." एकतीस वर्षे दिवाणी न्यायालयात काढलेल्या आणि नाझर म्हणून समन्स-वॉरंटांची बजावणी करवून घेतलेल्या माझ्यासारख्या माणसाजवळ कोणत्या रकान्यात काय लिहावे याचे उत्तर तयार असते. त्या दिवशी नव्हते. मी टोपी घातली आणि निघालो.

त्याला आता सहा आठवडे झाले. रागाच्या भरात लिहायचे नाही म्हणून इतके दिवस थांबलो. राग उतरलेला नाही. वाक्ये तेवढी सरळ झाली आहेत.

सिंधमध्ये पटवाऱ्याला तपेदार म्हणतात. गोबिंदरामांकडे दहा-बारा गावांचे दप्तर होते. अठ्ठेचाळीसच्या जानेवारीत कराचीत लुटालूट झाली, तिची आच त्यांच्या गावापर्यंत पोचली, आणि पत्नी सतीबाई व दोन ट्रंका घेऊन ते बोटीने मुंबईला व तेथून, ज्या गाडीत उभे राहायला जागा मिळाली त्या गाडीने, गोंदियाला उतरले. भातगिरणीच्या मागच्या लांबट चाळीत निर्वासितांना एकेक खोली मिळाली होती. तिच्यातली शेवटची त्यांची. मी तेव्हा नोकरीत होतो आणि माझे घर पलीकडच्याच गल्लीत. चाळीतले लोक माझ्याकडे अर्ज लिहून घ्यायला येत... कोणाला कापड हवे असे, कोणाला दुकानाचा गाळा. गोबिंदराम आले ते प्रश्न घेऊन आले. उंच, किंचित वाकलेले, बोटांवर शाईचे डाग अजून तसेच. जोडे छपरीबाहेर काढून उभे राहिले आणि म्हणाले, "नाझर साईं, एक कायदे की बात पूछनी है. चार्ज दिए बिना जो मुलाज़िम अपनी जगह छोड़ दे, उसका क्या होता है?"

मी काय उत्तर दिले ते येथे जसेच्या तसे लिहितो, कारण पुढचे सगळे त्यातून झाले. मी म्हणालो, "तो गुन्हेगार. मग आग लागो की पूर येवो. दप्तर सरकारच्या बापाचे नसते, रयतेचे असते." नोकरीचा ताठा होता तो. समोरचा माणूस कशातून निसटून आला आहे याचा त्या वाक्यात मागमूस नव्हता. त्यांनी मान हलवली, जणू त्यांना हेच ऐकायचे होते. मग सांगू लागले. पळताना दप्तराच्या खोलीला कुलूप घातले होते. कालव्याने त्या वर्षी पात्र बदलले होते आणि कित्येक हारींच्या, म्हणजे तिथल्या मुसलमान कुळांच्या, हद्दी त्याने कापल्या होत्या. नव्या हद्दी कच्च्या वहीत होत्या, पक्क्या नकाशावर चढल्या नव्हत्या. "लूटनेवाले बाहर से आए थे, साईं. हारी तो मेरे अपने थे. नया आदमी आएगा, उसको कौन बताएगा किसकी ज़मीन कहाँ तक है? ज़मींदार बताएगा!"

भात निसवायला लागले त्या सुमारास ते चार्ज द्यायला सिंधला परत गेले. सतीबाई माझ्या दारात येऊन उभी राहिली होती. मला म्हणाली, "आप बोलोगे तो रुकेंगे. आपकी ही सुनते हैं." मी बोललो नाही. दोन देशांमध्ये परवान्याची पद्धत त्या पावसाळ्यात सुरू झाल्याचे मी वर्तमानपत्रात वाचले होते; तो केवळ कागदाचा उपचार आहे असे समजून "परत येताना परवाना घेऊन या" एवढेच सांगितले. तिकडे ते अठरा दिवस राहिले, एका जुन्या मुसलमान मित्राच्या घरी. नव्या तपेदारासमोर वह्या मोजल्या, कालव्याच्या बाजूच्या हद्दी त्याला पायी फिरून दाखवल्या, यादीवर त्याची सही घेतली. ही हकिगत ते नेहमी हसत सांगत. तो नवा माणूस म्हणाला होता, "अदा, भाऊ, लोक जीव घेऊन पळतात, तू वही घेऊन आलास? तुला तिकडे कोणी वैद्य नाही भेटला?" आणि मग त्याने बाजारातून मिठाई आणवली.

परतीसाठी कराचीतल्या भारत सरकारच्या कचेरीत दोन प्रकारचे परवाने मिळत. कायमच्या परतीचा, त्याला चौकशी आणि महिने. तात्पुरता, तो चार दिवसांत. मित्राला शेजारी टोचून बोलू लागले होते. त्याच्या दारावर एकदा दगडही पडला. गोबिंदरामांनी तात्पुरता घेतला. "घर आना था, साईं. जो दरवाज़ा खुला मिला, उसी से निकल आया," ते म्हणाले. माझ्या टेबलावर त्यांनी तो कागद ठेवला आणि शेजारी ती चार्जची यादी ठेवली. मी यादीच वाचत बसलो. इतकी स्वच्छ यादी मी आमच्या न्यायालयात कधी पाहिली नव्हती. परवाना मी नीट वाचला नाही.

राज्यघटना आली तेव्हा वाचावा लागला. तिचे सहावे आणि सातवे कलम मी त्या वर्षी किती वेळा वाचले याची गणती नाही. सांगण्यासारखा अर्थ एवढाच: अठ्ठेचाळीसच्या जुलैपूर्वी जो येऊन राहिला, तो न मागता नागरिक झाला. पण जो येथून तिकडे गेला आणि कायमच्या परतीच्या परवान्याशिवाय परतला, तो झाला नाही. सतीबाई गोंदियातून हलली नव्हती. म्हणजे एका खोलीत, एका चुलीशी, बायको भारताची नागरिक आणि नवरा कोणाचाच नव्हे. माझे म्हणणे त्या वेळी होते आणि आजही आहे की कलमातला शब्द 'स्थलांतर' असा आहे, त्याला इरादा लागतो, आणि अठरा दिवसांच्या कामाला गेलेल्या माणसाचा इरादा परत येण्याचा असतो. मी खात्याला लिहिले, "चार्ज द्यायला जाणे हे स्थलांतर असेल, तर काशीला जाऊन आलेला प्रत्येक गोंदियावासी काशीकर धरला पाहिजे." उत्तर आले नाही. पुढच्या पत्रात तेच वाक्य पुन्हा लिहिले. खाते कोणते ते सांगत नाही. सांगितले तर ते या लेखालाही एक आवक क्रमांक देईल आणि तेथेच थांबेल.

याच सुमारास ती गोष्ट झाली जी मी आजवर कोणाला सांगितली नव्हती. चाळीतल्या आणखी दोघांनी गोबिंदरामांसारखीच ये-जा केली होती, राहिलेले सामान आणायला. त्यांनी प्रतिज्ञापत्र केले की आम्ही एकदाच आलो, पुन्हा गेलो नाही. कोणी तपासले नाही. वर्षाच्या आत त्यांचे कागद कायम झाले. आज बाजारात त्यांची दुकाने आहेत. सतीबाई नवऱ्याला घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, "एक लकीर है, नाझर साईं. लिख दो कि नहीं गए. किसने देखा है?" मी म्हणालो, "प्रतिज्ञेवर खोटे माझ्या लेखणीतून उतरणार नाही, भाभी. आणि गरज काय? कायदा आपल्या बाजूला आहे." तिने नवऱ्याकडे पाहिले. ते म्हणाले, "सती, जिस काम के लिए गया, उसी को मिटा दूँ? मेरे पास रसीद है." पण ते त्यांनी माझे वाक्य ऐकून घेतल्यावर म्हटले, हे मी विसरलेलो नाही. मी लेखणी उचलली असती, तर त्यांनी सही केली असती.

मग मुदतवाढीची वर्षे सुरू झाली. तात्पुरत्या परवान्याची मुदत सहा-सहा महिन्यांनी वाढवून घ्यायची, महिन्याच्या पहिल्या सोमवारी ठाण्यावर हजेरी द्यायची, गोंदियाची हद्द ओलांडायची तर आधी लेखी परवानगी घ्यायची. पहिल्या निवडणुकीत चाळीतले सगळे मतदानाला गेले. गोबिंदराम रांगेच्या टोकापर्यंत सतीबाईला सोडून आले. तहसिलीला पटवारी मिळत नव्हते, वीस वर्षांचा अनुभव असलेला हा माणूस तिच्यापासून चार फर्लांगांवर बसला होता. नोकरीला नागरिकत्व लागते. परवान्याची पद्धत बंद होऊन पासपोर्ट आले, तेव्हा एका कचेरीने कळवले की कायमचा परवाना सादर करावा म्हणजे विचार करता येईल, आणि दुसरीने त्याच महिन्यात कळवले की परवाने देणे आता बंद झाले आहे. तिसरीने सुचवले की अर्जदाराने पाकिस्तानचा पासपोर्ट मिळवून त्यावर मुदतवाढ मागावी. म्हणजे, मी परका आहे असे आधी स्वतःच कबूल करा, मग आम्ही तुम्हाला परके म्हणून राहू देऊ. त्या पत्राचा तर्जुमा मी मोठ्याने करून सांगितला तेव्हा गोबिंदरामांनी हळूच विचारले, "साईं, ये लिखनेवाला भी हमारे जैसा क्लार्क ही होगा ना?" मी म्हणालो, हो. "तो फिर उसको किसी ने सिखाया नहीं," ते म्हणाले. त्यांना राग येत नसे. तो सगळा माझ्याकडे होता.

पोटासाठी ते जमिनी मोजून देत. आमच्याकडे भाताच्या बांध्या, लहान लहान शेते. दोन बांध्यांमधला धुरा, म्हणजे बांध, दरवर्षी बोटबोट सरकतो आणि भाऊ भावाच्या डोक्यात फावडे घालतो. गोबिंदराम साखळीने एकदा पूर्वेकडून मोजत, मग पश्चिमेकडून. दोन्ही मापे जुळली नाहीत तर निमूट तिसऱ्यांदा. तोवर खुंटी ठोकू देत नसत. तिरोड्याकडचे फागूजी नावाचे एक शेतकरी एकदा त्यांना न्यायला आले आणि आधी माझ्याकडे धडकले, कारण बाहेरगावी जायचे तर परवानगीचे पत्र मी लिहायचो. मी विचारले, सरकारी मोजणीदार का नाही बोलावत? फागूजी म्हणाले, "त्याले कायले बोलावू? तो पाटलाच्या घरून जेवून येते आन् पाटलाच्या बाजूनं साखळी ताणते. ह्या सिंधी बुवाले दोनी भाऊ मानते. माह्या भावानं तं सांगलं, तपेदार म्हनन थो धुरा, मंग मी मरेपावतर बोलत नाही." परवानगी यायला नऊ दिवस लागले. दोन्ही भाऊ नऊ दिवस नांगर टेकवून थांबले. मोजणी झाल्यावर फागूजींनी गावाच्या कडेची जागा दाखवली आणि म्हणाले, "इथंच झोपडं घाला ना, तपेदार. काऊन त्या गिरनीचा कोंडा खाऊन राहिले?" गोबिंदराम त्या जागेभोवती एक फेरी मारून आले, पावलांनी लांबी-रुंदी घेतली, आणि म्हणाले, "अच्छी है. पहले कागज़ हो जाए, फागूजी." परतल्यावर त्यांनी त्या जागेचे माप मला बिनचूक सांगितले. नंतर दर पावसाळ्यापूर्वी फागूजींचा निरोप येई, जागा मोकळीच ठेवली आहे म्हणून. एका वर्षी तो आला नाही. फागूजी वारले होते, आणि मुलाने तेथे गोठा घातला होता.

पंचावन्न साली नागरिकत्वाचा कायदा झाला. माझ्या हिशेबाने त्यात गोबिंदरामांसाठी दार होते: मूळ भारतीय वंशाचा आणि येथे राहत असलेला माणूस नोंदणी मागू शकत होता. मी सोळा पानांचा अर्ज केला, चार्जच्या यादीची नक्कल जोडली. तो वर पोचला असेल नसेल, तोच छप्पनमध्ये राज्यांची फेरमांडणी झाली. मी माझ्या या खुर्चीवरून न उठता मध्यप्रांताचा, मध्यप्रदेशाचा, मुंबई राज्याचा आणि आता महाराष्ट्राचा रहिवासी झालो. मला कोणी एक कागद मागितला नाही. गोबिंदरामांची फाइल मात्र गाठोड्यात बांधली जाऊन भलत्या राजधानीला गेली. ती तेथे नाही असे तेथून, आणि येथे आली नाही असे येथून, अशी पत्रे दोन वर्षे येत राहिली. सापडली तेव्हा पहिली आठ पाने वाळवीने खाल्लेली होती. मी नवी लिहून दिली. "आपले प्रकरण विचाराधीन आहे" हे वाक्य ज्या पत्रात आले, ते सतीबाईने मला तीनदा वाचायला लावले होते. विचाराधीन म्हणजे होणार ना, असे ती विचारत होती, आणि मी, देवा... मी हो म्हणालो.

शेवटच्या हिवाळ्यापासून त्यांची छाती भरत असे. गिरणीचा कोंडा, दुसरे काय. डॉक्टरांनी नागपूरला नेण्यास सांगितले. बाहेरगावी जाण्याची परवानगी मागितली. या वेळी ती नऊ दिवसांत आली नाही. मी म्हणालो, विनापरवानगी चला, मी उत्तर देईन. ते म्हणाले, "अब नहीं, साईं. ग्यारह साल का रिकॉर्ड है." माझेच धडे मला परत मिळत होते. एक मे रोजी मी त्यांना भेटलो. रस्त्यावरून मिरवणूक चालली होती, ताशा वाजत होता. उशीला टेकून त्यांनी विचारले, "फिर नया राज बना? अब की बार फाइल कहाँ जाएगी?" मी म्हणालो, राजधानी तीच आहे, फाइल आहे तेथेच राहील. "तो अच्छा है," ते म्हणाले, आणि डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी पहाटे ते गेले.

तिसऱ्या दिवशी मृत्यूची नोंद करायला मी नगरपालिकेत निघालो. सतीबाई म्हणाली, मीही येते. वाटेत, रेल्वे फाटक बंद होते तेथे, माझ्याकडे न पाहता ती म्हणाली, "नाझर साईं, आपके सच ने हमको दस साल खड़ा रखा." तिने ते भांडणाच्या सुरात म्हटले नाही. मालगाडी जाईपर्यंत आम्ही दोघे उभे राहिलो.

खिडकीत चष्मा लावलेला एक कारकून होता. मान खाली घालून विचारत आणि लिहीत गेला. मयताचे नाव. बापाचे नाव. वय. धंदा, मी म्हणालो, जमीन मोजणे. मग त्याने विचारले, "कायमचं राहण्याचं ठिकाण?" या प्रश्नाचे कायदेशीर उत्तर मला पाठ होते. ते सोळा पानांचे होते, आणि त्याचा निकाल लागलेला नव्हता. नोंदवहीत न ठरलेली गोष्ट ठरलेली म्हणून सांगणे काय असते, हे मी आयुष्यभर इतरांना सांगत आलो... कारकून म्हणाला, "बोला ना जल्दी बाबूजी, मागं लाइन लागून राहिली." सतीबाई खिडकीच्या चौकटीकडे पाहत होती.

मी म्हणालो, "गोंदिया."

त्याने टाक दौतीत बुडवला आणि लिहिले. मी वाट पाहत राहिलो की आता तो मान वर करील आणि पुरावा मागील. त्याने मान वर केली आणि विचारले, "नक्कल पाह्यजे?"

नक्कल घेऊन आम्ही चाळीत परत आलो. सतीबाईला ही लिपी वाचता येत नाही. तिने दार लोटले, खाटेवरची घडी केलेली चादर बाजूला सारून मला बसायला जागा केली आणि म्हणाली, वाचा. मी पहिल्यापासून वाचले. त्या ओळीवर आलो तेव्हा तिने बोट ठेवून तेवढीच पुन्हा वाचायला सांगितली. मी वाचली. तिने शिक्का पाहिला, सही पाहिली, आणि या घरात आलेल्या प्रत्येक कागदाबद्दल जे विचारायची तेच विचारले, "मुद्दत कब तक की लिखी है?"

मी कागद उलटून पाठची बाजूही पाहिली.

"नाही, भाभी," मी म्हणालो. "मुदत लिहिलेली नाही."